ताटलीतलं अंडं आणि गळ्यातली साखळी



मागच्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना ओळखीतल्या एका सूनबाईनं मला थांबवलं. नालासोपाऱ्यातला फ्लॅट विकून त्यांनी इकडे राजोडीत बंगला बांधला आहे, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. म्हणाली, "काकू, राखणीला जर्मन शेफर्ड घ्यावा म्हणतोय आम्ही. तुमच्याकडे आहेच ना. अंडं-बिंडं न देता वाढतो का हो तो?"

हा प्रश्न मला नवा नाही. आमचा तेजू घरात आल्यापासून कितीतरी जणींनी तो विचारला आहे. जैन घर म्हटलं की पहिली चिंता ताटलीची. ती असायलाच हवी, माझीही होती. पण आजवर एकीनंही असं विचारलं नाही, की "काकू, त्याला दिवसभर फाटकाशी बांधून ठेवलं तर चालेल का?" ते सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. कुत्रा म्हणजे साखळी, हे ठरलेलं.

माझं मत उलटं आहे. मेंढ्या वळणाऱ्या जातीचा कुत्रा आणून त्याला बांधून ठेवणं, ही त्याच्या बाबतीत आपल्या हातून घडणारी पहिली हिंसा. अंड्याचा प्रश्न नंतरचा. हे मी पुस्तकातून शिकले नाही, चुका करून शिकले. पुस्तकात पाहिलं ते नंतर, आणि पाहिलं तेव्हा लाज वाटली, कारण तिथे सगळं लिहिलेलंच होतं.

तेजू आमच्याकडे आला २०२०च्या टाळेबंदीत. मुलगा घरून काम करत होता, कंटाळला होता. एक दिवस खोक्यात घालून पिल्लू घेऊन आला. ना बिल, ना पावती, ना लसीचं कार्ड. मी सांगलीची बी.कॉम., १९८१ची. पावतीविना आलेली वस्तू मला तेव्हाही खटकली, आणि हा तर जीव. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. पुढे कळलं, की कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७चे केंद्राचे नियम आहेत. त्यांप्रमाणे पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. म्हणजे आईच्या अंगावरून लवकर ओढलेलं पिल्लू आम्ही पैसे मोजून घेतलं होतं. १२व्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकानं टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले, त्यांत एक 'असतीपोषण' आहे. पैशासाठी पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पोसणं त्यात येतं. विकणाऱ्याला दोष लागत असेल, तर घेणाऱ्याचे हात कोरडे कसे राहतील? मी वाण्याच्या घरातली आहे, गिऱ्हाईक नसेल तर दुकान चालत नाही एवढं मला कळतं.

टाळेबंदी उठली, मुलाला बंगळुरूला जावं लागलं, आणि तेजू आम्हा दोघांकडे राहिला. आमचे हे बँकेतून निवृत्त, मी साठीच्या उंबरठ्यावर. तोवर तेजू तीस किलोंचा झाला होता. मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. फाटकाजवळ आंब्याच्या बुंध्याला साखळी घातली.

महिन्याभरात त्यानं आंब्याची साल सोलून काढली. पुढच्या पायाचं एकच ठिकाण चाटून चाटून जखम केली. रस्त्यानं स्कूटर गेली की साखळी संपेपर्यंत धावायचा आणि हिसक्यानं उलटा पडायचा. शेजारच्या वाडीतल्या मावशी केळीचे घड घेऊन जायच्या त्यांच्यावरही भुंकायचा, आणि त्या तर त्याला लहानपणापासून ओळखत होत्या. हे म्हणाले, "वेडा झालाय, देऊन टाकू कुणाला तरी." मलाही तसंच वाटलं.

मला जाग आणली ती माहेरच्या आठवणीनं. माझं माहेर मिरज तालुक्यातलं. लहानपणी सुगी झाली की आमच्या रानात धनगरांचा वाडा उतरायचा. आण्णा त्यांना बोलावूनच घ्यायचे, कारण रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंडीखत आयतं मिळायचं. बदल्यात ज्वारी द्यायची. त्यांच्याबरोबर घोडी, कोंबड्या, पोरंबाळं, आणि तीन-चार कुत्री असायची. ती कुत्री मी कधी बांधलेली पाहिली नाहीत. दिवसा मेंढरांबरोबर चालायची, उन्हात बाभळीखाली पडायची, आणि रात्री वाघरीच्या जाळीभोवती फेऱ्या मारायची. लांडगा तिकडे गोष्टीतला नव्हता. आम्हा पोरांवर ती कुत्री उगाच कधी आली नाहीत. आम्ही मेंढरांत शिरलो तरच गुरगुरायची. आमची आई म्हणायची, "त्याला त्याचं काम ठाऊक आहे, तुम्ही तुमचं करा."

मग वाटलं, आपल्या तेजूचं काम काय? त्याला ते ठाऊक आहे, आम्हालाच नव्हतं.

जर्मन शेफर्ड या नावाचा अर्थच जर्मन मेंढपाळाचा कुत्रा. आपल्याकडे जुनी माणसं अल्सेशियन म्हणतात. ते नाव पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी दिलं, कारण 'जर्मन' शब्द त्यांना नकोसा झाला होता. माक्स फॉन श्टेफानित्स या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्यानं १८९९मध्ये या जातीची संस्था काढली. त्यानं पहिला नोंदवलेला कुत्रा, होरांड, हा मेंढ्यांमागच्या कुत्र्यांच्याच वंशातला. तिकडे गव्हाच्या उभ्या पिकाच्या कडेनं मेंढ्या चरायच्या, मध्ये कुंपण नसायचं. कुंपण म्हणजे हा कुत्रा. दिवसभर मेंढ्या आणि पीक यांच्यामधल्या रेघेवर इकडून तिकडे धावायचं, एकही मेंढी रेघ ओलांडू द्यायची नाही. धनगराचा कुत्रा मुख्यतः राखणारा, हा मुख्यतः वळणारा. पण दोघांच्या रक्तात एकच गोष्ट आहे, कळप एकत्र आणि सुरक्षित ठेवणं.

आता बघा. तेजूचा कळप म्हणजे आम्ही दोघं. एक जण वर, एक खाली असलं की हा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसतो. नातवंडं आली की त्यांच्याभोवती गोल फिरतो, एखादं पोर फाटकाकडे पळालं की आडवा जातो, टाचेला हलकं तोंड लावतो. लोकांना वाटतं चावतोय. तो वळतोय. स्कूटरमागे धावणंही तेच, सुटलेली मेंढी परत आणणं. अशा जिवाला सहा फुटांच्या साखळीवर घातलं आणि कळप भिंतीआड ठेवला, तर तो वेडा होणार नाही तर काय होईल?

तेव्हा मी तत्त्वार्थसूत्र काढलं. पाठशाळेत असताना घोकलेला सातवा अध्याय. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्या जणी तोंडपाठ म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. म्हणताना कधी लक्षात आलं होतं का, की हे पाचही घरातल्या मुक्या जनावराबद्दल आहेत? जंगलातल्या वाघाला कोण बांधतो, कोण ओझं लादतो? हे दावणीच्या जिवाचे नियम आहेत. मला तर ते तेजूला सांभाळण्याचं टाचणच वाटलं.

पहिला बंध. जुन्या टीकाकारांनी बांधण्याचेही दोन प्रकार केले आहेत. गरजेपुरतं, सैल गाठीनं, आग लागली तर जनावर सुटू शकेल असं बांधणं वेगळं, आणि त्याचा विचारच न करता आवळून टाकणं वेगळं. शिवाय ते म्हणतात, श्रावकानं शक्यतो न बांधता राहतील अशीच जनावरं ठेवावीत. किती व्यवहाराचं बोलणं आहे! आपला कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास बंदी करणारा १९६०चा कायदा आहे. त्याच्या कलम ११मध्ये फार आखूड किंवा जड साखळीवर जनावर अवाजवी वेळ ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. पहिल्या वेळचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज कोथिंबिरीची जुडी येते, म्हणून कुणी घाबरत नाही. पण व्रताचा हिशोब रुपयांत नसतो.

आम्ही साखळी काढली. वाडीला चारी बाजूंनी जाळी मारली, फाटकाला खालून फळी लावली. पहाटे साडेपाचला हे त्याला सुरूच्या झाडांतून समुद्रावर नेतात, संध्याकाळी मी. एकूण दीड तास. आणि त्याला काम दिलं. सकाळी यांच्याबरोबर वाडीची फेरी मारायची, पेपर आणून द्यायचा, मी लपवलेली करवंटी हुडकायची. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण पंधरा मिनिटं हुडकल्यावर तो जसा शांत झोपतो तसा तासभर पळूनही झोपत नाही. दोन महिन्यांत पायाची जखम भरली. आता मावशी येतात तेव्हा तो फाटकाशी उभा राहून शेपूट हलवतो.

मोकळं म्हणजे मोकाट मात्र नाही. ही चूकही आमच्याच हातून झाली. एका रविवारी समुद्रावर यांनी पट्टा काढला. तिथे सहलीला आलेली चार-पाच मुलं वाळूत धावत होती. तेजूनं वळसा घालून सगळ्यांना एका जागी गोळा केलं. त्यात एक लहानगी पडली, घाबरून रडायला लागली. लागलं काही नाही, पण तिच्या आईचा चेहरा मी विसरले नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून समुद्रावर पट्टा हातातच, आणि रविवारी गर्दीच्या वेळी जायचंच नाही. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस चालत असेल तर मी त्याला बंध म्हणत नाही. खांब असेल तर म्हणते.

दुसरा वध, म्हणजे इथे मारणं. साखळी सोडण्याआधी आम्ही एक शिकवणारा बोलावला होता. त्यानं पहिल्याच दिवशी छडी काढली. म्हणाला, "ही जात मारल्याशिवाय ऐकत नाही." दोन दिवस मी गप्प बसले, ते माझ्या खात्यावर लिहिलेलं आहे. तिसऱ्या दिवशी तेजूनं छडी पाहून जागेवर लघवी केली. मी त्या माणसाला हिशोब करून पाठवून दिलं. खरं तर मेंढ्यांमागचा कुत्रा शेकडो पावलांवरून धन्याची शीळ आणि हाताची खूण ओळखतो, म्हणून तर तो उपयोगाचा. इतक्या बारीक कानाच्या जिवाला आवाज चढवायचीही गरज नसते. आमच्याकडे "बस", "थांब", "मागे" आणि "चल घरी" हे चार शब्द पुरतात. बरोबर केलं की पनीरचा तुकडा मिळतो.

तिसरा छेद. काही जातींचे कान आणि शेपूट दिसण्यासाठी कापतात, तो तर उघड छेद. पण आमच्या भागात दर मे महिन्यात एक वेगळा प्रकार दिसतो, "उकडतं बिचाऱ्याला" म्हणून जर्मन शेफर्डचे केस कातडीपर्यंत भादरतात. दयेनं करतात, पण चूक आहे. या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर उन्हापासून वाचवतो, आतला मऊ थर ऋतू बदलताना आपोआप गळतो. आपण फक्त विंचरून तो काढायचा. गळण्याच्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोनदा. आमच्या घरात केस सगळीकडे असतात, हे आधीच सांगते. केरसुणी दिवसातून दोनदा. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी विचार करावा.

दमट हवेत गोचिडांचा प्रश्न येतो, आणि तिथे आपण जैन बायका अडखळतो. एका जिवाला वाचवायला दुसरा मारायचा? तेजूला दुसऱ्या पावसाळ्यात गोचीड-ताप आला, नाकातून रक्त आलं, तेव्हा मला उत्तर शोधावंच लागलं. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थानं संकल्पी हिंसा सोडायची असते. मी औषध देते, पण त्याच्या आधीची पायरी कसोशीनं पाळते. जीव उत्पन्नच होऊ नयेत, जसं आपण पाणी गाळतो, धान्य वाळवतो. वाडीतलं गवत कापलेलं, त्याची जागा कोरडी, रोज अंगावरून, कानांत, बोटांच्या मध्ये हात फिरवून पाहणं. आणि औषध डॉक्टरांनाच विचारून. आयव्हरमेक्टिन नावाचं औषध गुराढोरांना सर्रास देतात, म्हणून लोक कुत्र्यालाही टोचून घेतात. पण कोली आणि त्यांच्यासारख्या मेंढपाळ जातींच्या बऱ्याच कुत्र्यांत जन्मतःच असा दोष असतो, की ते औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि जीवही जाऊ शकतो. जर्मन शेफर्डमध्ये हा दोष कमी आढळतो, तरी आढळतो.

चौथा अतिचार अतिभारारोपण. कुत्र्याच्या पाठीवर आपण पोती लादत नाही, पण स्कूटरला बांधून पळवतो. वाढत्या पिल्लाला रोज चार मजले चढवतो-उतरवतो. या जातीत कमरेचा सांधा नीट न बसण्याचा दोष पिढीजात आहे, आणि कोवळ्या हाडांवर असा ताण आला, अंगावर वजन वाढलं, की तो बळावतो. दुपारच्या वाळूवर चालवणं हेही ओझंच, आपल्या पायांत चप्पल असते. आणि एक अदृश्य ओझं आहे. राखण त्यानं करायची, मुलांचा खेळगडी त्यानं व्हायचं, मुलगा परगावी गेला की आपली सोबतही त्यानंच करायची. मी हे ओझं त्याच्यावर घातलं आहे. निदान त्याची जाणीव ठेवते.

पाचवा अन्नपाननिरोध, आणि इथे सूनबाईच्या अंड्याचा प्रश्न येतो.

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. मुलगा त्याला चिकनचं तयार खाद्य द्यायचा. मुलगा गेल्या दिवशीच मी ते बंद केलं आणि वरण-भात सुरू केला. मनात म्हटलं, या घरात पाप शिरू देणार नाही. दोन महिन्यांत तेजू ३२ किलोंवरून साडेसत्तावीसवर आला. केस निस्तेज झाले, बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टर मला म्हणाले, "काकू, व्रत तुमचं आहे, उपास हा करतोय." ते वाक्य मी अजून विसरले नाही. पोट भरून वाढत होते, तरी तो निरोधच होता. माझ्या व्रताचा भार मी त्याच्यावर लादला होता, म्हणजे चौथा आणि पाचवा अतिचार एकदम.

त्याच वर्षी पर्युषणात रात्री पाण्याचं भांडंही उचलून ठेवलं होतं. आपल्याला चतुर्विध आहाराचा त्याग, म्हणून घरात सगळ्यांचाच. लव लव करत तो रात्रभर धापा टाकत होता. आता गाळलेल्या पाण्याची दोन भांडी रात्रंदिवस भरलेली असतात.

मग काय केलं ते सरळ लिहिते, कुणाला आवडो न आवडो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तेच जुनं खाद्य परत आणलं. व्हरांड्यात वेगळ्या डब्यात ठेवलं, हे वाढायचे. माझ्या दारात ती पिशवी काही महिने येत होती. मी माताजींना जाऊन सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "हौसेनं आणलंस तो दोष आधीचा. आता निभव." मी प्रायश्चित्त घेतलं आणि निभवलं.

वजन भरल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदल सुरू केला, पण या वेळी दिवसांत नाही, आठवड्यांत. आता त्याला संपूर्ण पोषणाचं शाकाहारी खाद्य, सोबत दही, पनीर, शिजवलेली डाळ, लाल भोपळा, थोडी नाचणी. दर महिन्याला वजन करून वहीत लिहिते, सहा महिन्यांनी रक्त तपासतो. वजन ३२वर टिकून आहे. यात चमत्कार नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं, की माणसाबरोबर राहून कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा कितीतरी वाढली आहे. धनगराची कुत्रीही भाकरी आणि दुधावर असायची. बाहेर काय काय खात असतील ते मी पाहायला गेले नव्हते, उगाच सोवळं चित्र रंगवत नाही. पण नुसता वरण-भात म्हणजे पोषण नव्हे, आणि मांजराला तर शाकाहार मानवतच नाही.

आपल्या स्वयंपाकघराचा एक फायदा आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी, रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. ते आपल्याकडे नसतातच. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट मात्र असतात, ते त्याच्या तोंडाला लागू द्यायचे नाहीत. सूर्यास्ताआधी जेवण्याची आपली रीतही त्याला मानवते. या खोल छातीच्या कुत्र्यांनी भरल्या पोटी उड्या मारल्या, तर पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते. तेजू सहाला जेवतो आणि मग आमच्या सामायिकाच्या वेळी पाटाशेजारी पडून असतो.

माझा तेजू शाकाहारावर चालला म्हणून प्रत्येकाचा चालेल असं मी लिहून देणार नाही. वाढत्या पिल्लावर तर हा प्रयोग करूच नये. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एखादा कुत्रा शाकाहारावर खंगत असेल तेव्हा काय करायचं, याचं उत्तर ज्या घरात आधी ठरलेलं नाही, त्या घरानं तो आणूच नये. त्यात कमीपणा नाही. न पाळणं हेही व्रतच आहे. पण आणल्यावर त्याला उपाशी ठेवून आपण स्वच्छ राहिलो असं समजणं, याला मी धर्म म्हणणार नाही.

काही जणी म्हणतील, एवढी उठाठेव कुत्र्यासाठी? आपल्या पुराणात जीवंधरकुमाराची कथा आहे. मारानं अर्धमेल्या झालेल्या एका कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र सांगितला आणि तो मरून यक्षदेव झाला. आपण ती कथा मंत्राचा महिमा म्हणून ऐकतो. पण त्या कुत्र्याजवळ आधी कुणीतरी खाली बसलं होतं, हेही त्या कथेतच आहे. कुत्रा पंचेंद्रिय आहे, संज्ञी आहे, त्याला मन आहे. हे आपल्या आचार्यांनी कधीच सांगून ठेवलं. साखळी अडकवताना आपण ते विसरतो.

सूनबाईला मी त्या दिवशी म्हटलं, "अगं, आधी घरात सगळे मिळून चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. रोज दीड तास कोण देणार? मुलं परगावी गेली तर कोण बघणार? दहा-बारा वर्षांनी त्याला उठता येईना झालं, तर चाळीस किलो कोण उचलणार? आणि डॉक्टर तुमच्या मनाविरुद्ध बोलले, तर काय करणार? उत्तरं आली तर मग माझ्याकडे ये. आणि पैसे देऊन आणू नकोस. लोकांनी सोडून दिलेली मोठी कुत्री प्राणिमित्रांकडे असतात, त्यांतलं एक घे. नुसती राखणच हवी असेल, तर फाटकाला चांगलं कुलूप लाव, स्वस्त पडतं."

ती हसली. काल संध्याकाळी ती आमच्याकडे आली होती, नवऱ्याला आणि मुलाला घेऊन. कागद आणला होता. तीन उत्तरं लिहिलेली होती, चौथ्यापुढे जागा कोरी. मुलगा तेजूबरोबर वाडीत करवंटी हुडकत होता. मी म्हटलं, "घाई नाही. कोरी आहे ते प्रामाणिक आहे." चहा घेऊन, सूर्यास्ताआधी ती मंडळी गेली. तेजू फाटकापर्यंत त्यांच्या मागे चालत गेला. तिघंही नीट बाहेर पडल्याची खात्री केली आणि परत येऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला.

माझ्या लिहिण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.